पहाटे साडेचारला गाडी उठली नाही

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. बाबांची नागपूरला अँजिओग्राफी ठरली होती आणि सकाळी नऊला हजर राहा असं सांगितलं होतं. आदिलाबादहून नागपूर दोनशे किलोमीटरच्या आसपास. चव्वेचाळीस नंबरचा हायवे चांगला आहे, पण पैनगंगा ओलांडली की पांढरकवड्यापर्यंत हिवाळ्यात कधी कधी धुकं लागतं. म्हणून पहाटे साडेचारला निघायचं ठरवलं. आईने थर्मासमध्ये चहा भरला, बाबा मफलर गुंडाळून मागच्या सीटवर बसले. तेलंगणातल्या थंडीची बातमी आली की त्यात आदिलाबादचं नाव असतंच. त्या आठवड्यात पारा सहा अंशांवर आला होता.

मी बटण दाबलं. टक-टक-टक-टक, एवढाच आवाज. दुसऱ्यांदा दाबलं तर समोरच्या पडद्यावर दिव्यांची दिवाळी झाली. ब्रेकचा दिवा, स्टिअरिंगचा दिवा, एअरबॅगचा दिवा, आणि खाली इंग्रजीत एकामागून एक इशारे. चार वर्षांची सात सीटची डिझेल एसयूव्ही, सर्व्हिसिंग वेळेवर, आणि एका रात्रीत तिचं सगळंच बिघडल्यासारखं दिसत होतं. हैदराबादहून आलेला माझा भाचा मोबाइलवर एकेक इशारा शोधायला लागला. "आत्या, गिअरबॉक्सचाही फॉल्ट दाखवतोय," म्हणाला. माझ्या पोटात गोळा आला.

मागून बाबांचा आवाज आला, "सुरू का होऊन नाही राहिली? हँडल मार ना."

बाबांच्या जीपला खरंच हँडल होतं. समोरून लोखंडी दांडा घालून फिरवायचा, की इंजिन उठायचं. आमची गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळे ढकलून सुरू करण्याचीही सोय नाही.

पुढचा तासभर जे घडलं, त्यातून मला गाडीची बॅटरी पहिल्यांदा कळली. तोवर माझ्या लेखी बॅटरी म्हणजे बोनेटखालची एक काळी पेटी, मेली की बदलायची. या अंकाचे वाचक बहुतेक हैदराबादला किंवा पुण्याला नोकरी करणारे, फ्लॅटखाली मोठी गाडी ठेवून दिवाळीला आणि लग्नाला गावाकडे येणारे. तुमच्याही गाडीचं असंच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्या पहाटे गल्लीच्या तोंडाशी कापसाचा ट्रक उभा होता. जिनिंगचा हंगाम, असे ट्रक रात्रभर असतात. ड्रायव्हर भला माणूस. स्वतःहून म्हणाला, "ताई, माझ्या बॅटरीवरून लावून घ्या." त्याने वायरसुद्धा काढली. आम्ही हो म्हणणारच होतो, तेवढ्यात शेजाऱ्यांनी फोन करून उठवलेले मिस्त्री चाचा स्कूटरवरून आले. लांबूनच ओरडले, "नक्को भैया, नक्को! चोबीस वोल्ट है वो!"

मोठ्या ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणजे एकूण चोवीस व्होल्ट. आपल्या गाडीतला प्रत्येक छोटा संगणक, आणि आजच्या एसयूव्हीत असे डझनावारी असतात, बाराच्या हिशेबाने बनवलेला. त्यावर चोवीस सोडले असते तर पडद्यावरचे ते सगळे खोटे फॉल्ट खरे झाले असते, आणि बिल लाखात गेलं असतं. ट्रकवाल्याचा हेतू चांगला होता, आमची घाई खरी होती. तरी त्या दोन मिनिटांचा विचार आला की आजही अंगावर काटा येतो.

ट्रॅक्टर मात्र बाराचाच असतो. गल्लीतल्या एका काकांचा ट्रॅक्टर आणला. चाचांनी आधी काकांच्या तोंडातली बिडी विझवायला लावली आणि आमच्या हातात मोबाइलचा टॉर्च दिला, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि त्याला ठिणगी पुरते. मग लाल केबलचं एक टोक आमच्या बॅटरीच्या अधिक खांबाला, दुसरं ट्रॅक्टरच्या अधिकला. काळ्या केबलचं एक टोक ट्रॅक्टरच्या उणे खांबाला. आणि शेवटचं काळं टोक आमच्या बॅटरीला लावलंच नाही, ते बॅटरीपासून दूर, इंजिनच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला लावलं. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडतेच, ती बॅटरीपासून लांब उडावी हे एक कारण. दुसरं कारण नव्या गाड्यांचं. उणे खांबावर एक छोटं सेन्सर बसवलेलं असतं, बॅटरीत किती करंट गेला आणि किती आला याचा ते हिशेब ठेवतं. केबल थेट खांबाला लावली तर तो हिशेब चुकू शकतो. ट्रॅक्टर पाच मिनिटं चालू ठेवला, मी बटण दाबलं, आणि गाडी उठली. पडद्यावरचे दिवे एकेक करून विझले. गिअरबॉक्सला काही झालं नव्हतं, ब्रेकलाही नाही. व्होल्टेज इतकं पडलं होतं की गाडीतले संगणक एकमेकांचं बोलणं ऐकू शकत नव्हते आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या नावाने तक्रार करत होता.

केबल काढताना उलट क्रमाने काढल्या. पावणेसहाला निघालो. वाटेत हिंगणघाटला चहा घेतला तोही इंजिन चालू ठेवून. पाऊण तास उशीर झाला, पण डॉक्टरांनी बाबांना दुपारच्या यादीत घेतलं आणि सगळं नीट पार पडलं. परत आल्यावर मी थेट चाचांच्या दुकानात गेले, कारण मला एकच प्रश्न पडला होता: आदल्या दिवशी संध्याकाळी बाजारातून आले तेव्हा गाडी व्यवस्थित सुरू झाली होती, मग रात्रीत असं काय झालं?

चाचांचं उत्तर असं की रात्रीत काहीच झालं नाही. बॅटरी मे महिन्यातच मेली होती.

हे समजायला पेटीच्या आत डोकावावं लागतं. शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल ही रचना १८५९ मध्ये फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते यांनी केली, आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. गाडीतली सगळी यंत्रं बदलली, ही पेटी तेवढी टिकली. तिच्यात सहा घरं असतात, प्रत्येक घर साधारण २.१ व्होल्टचं. सहा घरं मिळून १२.६. आपण 'बारा व्होल्ट' म्हणतो खरं, पण पूर्ण भरलेली बॅटरी बाराची नसते, आणि नेमकी बारा दाखवणारी बॅटरी जवळजवळ रिकामी असते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मोजलं तर १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. ११.८ म्हणजे तळ. सगळा खेळ एका व्होल्टच्या आतला आहे. डोळ्यांना दिवे तसेच दिसतात, हॉर्न तसाच वाजतो, म्हणून आपल्याला कळत नाही.

आता उन्हाळा. आतली रासायनिक क्रिया उष्णतेने वेगाने चालते, आणि झीज करणाऱ्या क्रियाही तशाच वेगाने. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं म्हातारपण दुप्पट वेगाने येतं. आदिलाबादला मे महिन्यात ४४-४५ अंश असतात, आणि बंद बोनेटखाली, इंजिनच्या शेजारी त्याहून बरेच जास्त. पट्ट्यांची जाळी गंजते, पाणी उडतं, ताकद कमी होते. पण उन्हाळ्यात इंजिन गरम, ऑइल पातळ, थोड्या ताकदीतही सेल्फ फिरतो. झालेलं नुकसान झाकून जातं. मग जानेवारीची पहाट येते. ऑइल घट्ट झालेलं, डिझेल इंजिनात हवा दाबायला आधीच जास्त जोर लागतो, वर हीटर प्लगही करंट मागतात. सेल्फला त्या क्षणी शेकडो अँपिअर हवे असतात, आणि थंडीत बॅटरीची देण्याची क्षमताच घटलेली असते. मागणी वाढलेली, पुरवठा आटलेला. आपल्या जिल्ह्यात हे दोन्ही टोकांचं हवामान एकाच वर्षात भेटतं, म्हणून लोक म्हणतात 'थंडीने बॅटरी गेली'. थंडीकडे फक्त पंचनाम्याचं काम असतं.

आमच्या बाबतीत आणखी एक गुन्हेगार निघाला. दिवाळीआधी मी गाडीला डॅशकॅम बसवून घेतला होता, गाडी उभी असतानाही चित्रण करणारा. व्होल्टेज खाली गेलं की तो आपोआप बंद व्हायला हवा, पण बसवणाऱ्याने वायर दुसरीकडेच जोडली होती. चाचांनी मीटर लावून दाखवलं, गाडी बंद असताना पाव अँपिअर करंट जात होता. पाव अँपिअर ऐकायला काहीच नाही. पण दिवसाचे चोवीस तास धरले की सहा अँपिअर-अवर होतात. आमची बॅटरी सत्तरची, म्हणजे गाडी हलली नाही तर सहा दिवसांत अर्धी. गाडीची स्वतःची घड्याळ-कुलूप-आठवण वगैरे गरज साधारणपणे याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी असते. आणि आम्ही गाडी वापरायचो कशी, तर घर ते भाजी बाजार, दोन किलोमीटर जाणं, दोन येणं. सेल्फ मारायला लागणारी वीज तशी थोडीच असते, इंजिन थोडा वेळ चाललं की ती भरून येते. पण रात्रभर झिरपलेली वीज भरायला दोन किलोमीटर पुरत नाहीत. बॅटरी कायम अर्धपोटी राहते, आणि अर्धपोटी राहिली की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे घट्ट धरतात. ते मग चार्जिंगनेही सुटत नाहीत.

सगळ्यात जास्त हळहळ मला दुसऱ्याच गोष्टीची वाटली. आमच्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची सोय आहे. नोव्हेंबरपासून ती काम करत नव्हती. मला बरंच वाटलं होतं, तशीही मला तिची कटकट व्हायची. चाचा म्हणाले, "तीन महिने झाले गाडी तुम्हाला सांगतेय." बॅटरीत दम नसेल तर गाडी सिग्नलला इंजिन बंदच करत नाही, पुन्हा उठवता येईल याची तिला खात्री नसते. म्हणजे ही सोय थांबली की तो पहिला निरोप समजावा. तुमच्यापैकी पुष्कळ जण गाडीत बसल्या बसल्या त्या सोयीचं बटण बंद करतात, हे मला माहीत आहे. करा, पण मग हा निरोप तुम्हाला मिळणार नाही.

अशा गाडीला बॅटरी बदलताना एक पथ्य असतं. तिच्यासाठी जास्त सोसणारी बॅटरी लागते, दुकानात तिला ईएफबी किंवा एजीएम म्हणतात. साधी बॅटरी त्याच मापाची मिळते, स्वस्त मिळते, बसतेही. फक्त दिवसातून वीस-वीस वेळा इंजिन उठवण्याचं काम तिला झेपत नाही आणि ती लवकर दमते. काही गाड्यांना नवी बॅटरी बसवल्याचं संगणकाकडून कळवावंही लागतं, नाहीतर गाडी नव्या बॅटरीला जुन्या म्हातारीसारखीच चार्ज करत राहते. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, दुकानात परत द्या. किमतीत सूट मिळते आणि शिसं पुन्हा कारखान्यात जातं, कुणाच्या अंगणात वितळवलं जात नाही.

काही एसयूव्हीत तर दोन-दोन बॅटऱ्या असतात, एक सेल्फसाठी आणि एक छोटी, सिग्नलला इंजिन बंद असताना दिवे-रेडिओ सांभाळायला. जीप रँग्लरच्या अलीकडच्या काही मॉडेलांत अशी मांडणी आहे. दोन्ही एकमेकींना जोडलेल्या, म्हणून छोटी आजारी पडली की मोठीलाही ओढते. माणूस मोठी बदलून मोकळा होतो आणि दोन महिन्यांत पुन्हा गाडी बंद. तेव्हा आपल्या गाडीत पेट्या किती आणि कुठे आहेत, हे एकदा पुस्तिका उघडून बघा. काहींची बोनेटखाली असते, काहींची सीटखाली, काहींची डिकीत.

एवढं शहाणपण आल्यावर मला वाटलं, आपण या विषयात पास झालो. मग भाच्याने इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली.

तो हैदराबादहून ती घेऊन आला तेव्हा अख्खी गल्ली बघायला आली. बाबांनी बोनेट उघडायला लावलं आणि आत इंजिन नाही म्हणून दोन मिनिटं नुसते बघत राहिले. मग भाचा रेल्वेने पुण्याला गेला, गाडी आमच्या अंगणात तीन आठवडे उभी. जाताना मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली. परत आला तेव्हा चावीचं बटण दाबतो तर गाडी ढिम्म. कुलूप उघडेना, पडदा लागेना, चार्जरची वायरही गाडी स्वीकारेना. भाच्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला, दोन वर्षांपूर्वीच्या त्या पहाटे माझाही तसाच झाला असणार.

मी विचारलं, "हिला बारा व्होल्टची पेटी आहे का रे?"

"आत्या, ही इलेक्ट्रिक आहे. खाली चाळीस युनिटची बॅटरी आहे."

तरीही असते. इलेक्ट्रिक गाडीतली मोठी बॅटरी म्हणजे लिथियमच्या सेलचा पट. भारतातल्या बऱ्याच गाड्यांत लोह-फॉस्फेटचे सेल असतात, प्रत्येकी सुमारे ३.२ व्होल्टचे. असे शंभर ओळीने जोडले की ३२० व्होल्ट होतात. म्हणजे आमच्या काळ्या पेटीतली सहा घरांची युक्तीच, फक्त घरं वाढलेली. एवढा दाब माणसाला मारू शकतो, म्हणून गाडी बंद झाली की दोन जाड स्विच ही बॅटरी बाकीच्या गाडीपासून तोडून टाकतात. गाडी सुरू करताना सीटखालून 'टक्' असा आवाज येतो तो त्यांचा. आणि हे स्विच ओढायला, कुलूप उघडायला, संगणक जागे करायला वीज लागते ती बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीची. तिची साठवण मोठीच्या शंभराव्या हिश्श्याइतकी. कोठार भरलेलं, पण किल्ली हिच्या कनवटीला. गाडी चालू असताना मोठी बॅटरी छोटीला भरत असते, काही गाड्या उभ्या असतानाही मधूनमधून जागून भरतात. सगळ्या तसं करत नाहीत. आणि भाचा पुण्यात बसून रोज दहा वेळा मोबाइलच्या अ‍ॅपवर 'किती टक्के आहे' बघत होता. प्रत्येक वेळी गाडी झोपेतून उठून उत्तर देत होती, छोटीच्या खर्चाने.

चावीच्या आत लपवलेली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं, बोनेट उघडलं, आणि छोट्या बॅटरीला माझा घरचा चार्जर लावला. तो मी त्या जानेवारीनंतर घेतलाय. वीस मिनिटांत पडदा लागला. मोठी बॅटरी: ७८ टक्के. केशरी आवरणाच्या वायरी मात्र आम्ही बोटानेही शिवलो नाही. त्या मोठ्या दाबाच्या असतात आणि त्यांना हात लावणं हे चाचांचंही काम नाही, तसं प्रशिक्षण घेतलेल्यांचंच आहे. या गाडीवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून द्यायची का, तर पुस्तिकेत बहुधा नको असंच लिहिलेलं असतं. आपल्या गाडीचं ते पान वाचून ठेवा.

नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये ३०.२ युनिटची बॅटरी घेऊन आली, ती पुण्याजवळ रांजणगावला बनते. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई चाकणला बनतात, त्यांत ५९ आणि ७९ युनिटच्या बॅटऱ्या आहेत. इकडे तेलंगणात महबूबनगरजवळ दिवटिपल्लीला अमर राजाच्या लिथियम सेलच्या कारखान्याची पायाभरणी मे २०२३ मध्ये झाली. तुम्ही तरुण मंडळी पुढची गाडी यांतलीच घ्याल. शोरूममध्ये किलोमीटर, पडदा, छत सगळं दाखवतात. बारा व्होल्टची पेटी कुठे आहे, ते विचारल्याशिवाय कुणी दाखवत नाही.

माझ्या गाडीत आता तीन वस्तू असतात: जाड तांब्याची जंपर केबल, रबरी हातमोजे आणि एक साधा डिजिटल मीटर. मीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. महिन्यातून एकदा सकाळी गाडी सुरू करण्याआधी मोजते. मग सुरू करून पुन्हा मोजते. साधारण १३.८ ते १४.५ आलं म्हणजे अल्टरनेटर भरतोय, नव्या गाड्यांत हा आकडा थोडा इकडेतिकडे खेळतो. डॅशकॅमची वायर नीट करून घेतली. लांब सुट्टीवर जाताना घरचा चार्जर लावून जाते. आणि बॅटरीची तपासणी पूर्वी डिसेंबरात आठवली तर करायचे, ती आता सप्टेंबरात करून घेते, उन्हाळा-पावसाळा संपल्यावर आणि थंडीच्या आधी. दसऱ्याला गाडीला हार घालतो तेव्हा तिचा रिपोर्ट माझ्या हातात असतो.

खरं तर मीटर मोजण्याचं काम आता माझ्याकडे राहिलेलं नाही. ते बाबांनी घेतलंय. जीपच्या काळात ते दर महिन्याला बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे, खांबांवर पांढरा बुरा साचला की आईच्या डब्यातला खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवायचे आणि वर व्हॅसलीन चोपडायचे. झाकण बंद असलेल्या नव्या बॅटरीने त्यांचं हे काम काढून घेतलं होतं. गेल्या पौषात केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला निघालो तेव्हा पहाटे अंगणात टॉर्चचा उजेड दिसला. मफलर गुंडाळून बाबा बोनेटवर वाकले होते, एका हातात लाल वायर, एका हातात काळी, चष्मा कपाळावर.

"किती आहे?" मी खिडकीतून विचारलं.

"बारा पॉइंट सहा," ते म्हणाले. "आता तुझ्या भाच्याच्या गाडीचं उघड."